जवाईबापूंच्या गाडीचा कोंडलेला श्वास

यंत्राचा बिघाड ओळखायला मला मेकॅनिक लागत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो. मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात मेंटेनन्स प्लॅनिंगला आहे. म्हणजे दुरुस्ती मी करत नाही. ती कधी, कोणी आणि कशासाठी करायची, हे मी ठरवतो. पाना हातात न धरता इतकी वर्षं यंत्रं चालवली, हे काय कमी आहे? त्यामुळे आमच्या गाडीचा दम गेला तेव्हा कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या अख्ख्या सेक्टरात शांत असा मी एकटाच होतो.

गाडीने मुहूर्त मात्र वाईट निवडला.

महिनाअखेर प्रेमानंदभाऊ रिटायर होणार होते. प्रेमानंदभाऊ म्हणजे माझ्या बायकोचे, सुशीलाचे थोरले भाऊ. आता, भिलाईत माणूस पायी रिटायर होत नाही. शेवटची शिफ्ट संपली की गेटाबाहेर फुलांनी मढवलेली कार उभी असते. पुढे छोट्या हाथीवर, म्हणजे मिनी टेम्पोवर, ढोल बडवणारी धुमाल पार्टी, मागे खात्यातली माणसं नाचताहेत आणि मधे गळ्यापर्यंत हारांत बुडालेला सत्कारमूर्ती! असा तो घरापर्यंत पोचवला जातो. प्रेमानंदभाऊ आजवर सगळ्यांच्या अशा मिरवणुकीत नाचले होते. ज्यांना ओळखत नव्हते त्यांच्याही! आता पाळी त्यांची होती. क्वार्टर सोडून त्यांनी बोरसीला घर बांधलं होतं, आणि त्या नव्या दारात त्यांना कारमधून उतरायचं होतं.

"भाड्याची कार नाही बरं," ते खातंभर सांगत फिरत होते. "माह्या जवाईबापूची येऊन राहिली! घरची!"

जवाईबापू म्हणजे मी. आमच्याकडे चहाला आले तेव्हा त्यांनी हात कसा हलवणार तेही करून दाखवलं. कोपर स्थिर, फक्त मनगट. "असा," ते म्हणाले. "जास्त हलवला त मानूस बुडून राहिला असं वाटते."

"गाडी ठीक हाय ना तुमची?" सुशीलाने मला विचारलं.

"फर्स्ट क्लास!" मी म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी आम्ही सिविक सेंटरला निघालो. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडीने ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि नकार दिला. मी आणखी दाबला. ती दुखावल्यासारखी कण्हली. आम्हाला एका स्कुटीने मागे टाकलं. मग ई-रिक्षाने. मग कूलरचा पत्र्याचा सांगाडा कॅरिअरला बांधलेला एक सायकलवाला आमच्या बरोबरीने आला, त्याने खिडकीतून आत डोकावलं आणि आपुलकीने विचारलं, "धक्का मारूँ क्या, भैया?"

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला होता. आणि मग वास आला.

"अंडं फुटलं का कुठं?" सुशीला म्हणाली.

"आपण अंडी घेतलीच नाहीत."

"मंग?" ती माझ्याकडे वळून बघू लागली. बराच वेळ बघत राहिली.

"सुशीला, हा गाडीचा वास आहे!"

"मी कुठं काय म्हनलं?" तिने काच खाली केली आणि उरलेला रस्ता डोकं बाहेर ठेवून काढला.

मी मात्र आनंदात होतो. दम नाही, पिवळा दिवा, सडक्या अंड्याचा वास! निदान झालं होतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर! गाडीच्या पोटाखाली सायलेन्सरच्या आधी एक डबा असतो. त्यात मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. इंजिनाचा विषारी धूर तिच्यातून गाळला जाऊन बाहेर पडतो. ती जाळी चोंदली की इंजिनाला श्वास घेता येतो, पण सोडता येत नाही. लग्न झालेल्या माणसाला यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज नाही.

"मंग गॅरेजात न्या ना," सुशीला म्हणाली.

"गॅरेजवाला आधी प्लग बदलेल, मग पंप, मग माझं मत. मी आधी सिद्ध करणार, मग नेणार."

"दादाची रिटायरमेंट येऊन राहिली!"

"आठवडा आहे. आमच्याकडे एवढ्या वेळात भट्टी उभी होते."

हे खरं नव्हतं, पण ती कारखान्यात नसल्यामुळे चाललं.

सिद्ध करायचं तर साक्षीदार हवेत. आमच्या डाव्या हाताला बळीराम राहतो, तो मेकॅनिकलला. उजव्या हाताला चंपत, तो इलेक्ट्रिकलला. इथे बाहेरच्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या धंद्यात मशीन बंद पडली की पहिला प्रश्न 'काय बिघडलं?' हा नसतो. पहिला प्रश्न असतो, 'कोणाच्या खात्यात टाकायचं?' एकदा खातं ठरलं की बिघाड निम्मा दुरुस्त झाल्यासारखा वाटतो. बाकीच्या खात्यांना तर पूर्णच.

"जय भीम, साहेब!" बळीरामने येताच गाडीखाली डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "मेकॅनिकल एकदम ओके हाय. इलेक्ट्रिकलवाल्याले इचारा."

"कावून?" चंपत उसळला. "दिवा लागून राहिला ना डॅशबोर्डवर? मंजे आमचं काम बरोबर चालू हाय! दिवा लागला, इलेक्ट्रिकल खतम. पुढं तुमचं."

"मी सांगतो," मी म्हणालो. "कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"ते कोनत्या डिपार्टमेंटमंधी येते?" बळीरामने विचारलं.

"तिथे धुरावर रासायनिक प्रक्रिया..."

"केमिकल!" दोघे एकदम ओरडले. इतका निर्भेळ आनंद मी बोनसच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता. पण आमच्या गल्लीत केमिकलवाला कोणीच राहत नाही, आणि गैरहजर खात्यावर ढकलण्यात मजा नसते. म्हणून चंपतने हळूच विचारलं, "साहेब, गाडी चालवते कोन?"

"मी."

"ऑपरेशन फॉल्ट!" म्हणत त्यांनी एकमेकांचा हात हातात घेतला. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल यांचं एकमत झाल्याचा तो जगातला पहिला प्रसंग असावा, आणि तो माझ्या अंगणात घडला!

मी हरलो नाही. तपासण्या सुरू केल्या. चोंदलेला डबा प्रमाणाबाहेर तापतो, तेव्हा तापमान मोजायचं ठरलं. चंपतने घरून कोरोनातलं कपाळाचं थर्मामीटर आणलं. गाडी चांगली तापवली. चंपत पोटावर झोपला, डब्यावर नेम धरला आणि चाप ओढला. यंत्र लाल झालं, किंचाळलं आणि कायमचं बंद पडलं.

"ताप हाय, साहेब," चंपत गंभीरपणे म्हणाला. "लय हाय."

दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना बळीरामने रबरी हातोडीने डबा ठोकला. आतून खुळखुळ आवाज आला.

"जाळीचे तुकडे!" मी ओरडलो. "ऐकलंत?"

"आवाज त आला," बळीराम म्हणाला. "पन साहेब, आवाज पुरावा नाही होत. आवाज त वहिनीबी करून राहिल्या."

खरंच, सुशीला दारातून बोलत होती. 'गॅरेज' हा शब्द तेवढा कळत होता.

असा आठवडा गेला. रिटायरमेंटच्या दिवशी सकाळी मी शेवटची, निर्णायक तपासणी जाहीर केली. डब्याच्या अलीकडे पाइपात एक सेन्सर बसवलेला असतो. तो काढायचा. त्या भोकातून धूर बाहेर पडू द्यायचा. गाडीचा दम परत आला, तर दोषी कन्व्हर्टर. साधा न्याय!

"आजच कावून?" सुशीलाने विचारलं. तिच्या हातात झेंडूच्या माळांची टोपली होती.

"पाच मिनिटांचं काम आहे."

बळीरामने सेन्सर काढला. मी चावी फिरवली.

काय सांगू! त्या भोकातून असा आवाज निघाला की कडुनिंबावरचे कावळे सेक्टर बदलून गेले! समोरच्या घरात कोणीतरी घाबरून कुकरखालचा गॅस बंद केला. पण मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडी उधळलेल्या गोऱ्ह्यासारखी सुटली! गल्लीला फेरी मारून मी विजयी मुद्रेने उतरलो.

"काय म्हणता?"

"मानलं, साहेब!" चंपत ओरडला. त्याला ओरडावंच लागलं.

"बस्स. बसव आता सेन्सर."

बळीरामची एक अडचण आहे. जन्मभर त्याने मनगटाएवढे बोल्ट आवळले. हाताएवढा लांब पाना आणि अंगाचं सगळं वजन, याला तो 'घट्ट' म्हणतो. त्याच हिशोबाने त्याने माझा अंगठ्याएवढा सेन्सर आवळला.

"बसला?" मी विचारलं.

"बसला!"

टण्ण! सेन्सर जमिनीवर पडला.

"उतरला," चंपत म्हणाला.

"चूडी मेली, साहेब," बळीराम भोकात बोट घालत म्हणाला. म्हणजे आटे गेले होते. "चूडीच नरम होती. मटेरिअल बेकार."

"सेन्सर इलेक्ट्रिकलचा हाय," चंपत म्हणाला, "पन चूडी मेकॅनिकलची. लिहून घ्या."

"भांडन मंग करा!" सुशीला कडाडली. "दादा गेटावर उभा राहीन! दुसरी कार पाहा!"

पण दुसरी कार कुठून आणणार? भिलाईत सगळे महिन्याच्या शेवटच्याच दिवशी रिटायर होतात. त्या दिवशी फुलं बांधता येतील अशी प्रत्येक कार कोणाच्या तरी नावावर असते. मी मुकाट्याने माळा बांधल्या, आत धूर कोंडू नये म्हणून काचा उघड्या ठेवल्या आणि निघालो; सुशीला परस्पर बोरसीला गेली, बळीराम आणि चंपत मोटारसायकलने माझ्या मागून आले. माझं निदान बरोबर होतं, हे वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला ऐकू येत होतं.

गेटावर पोचलो तेव्हा पहाऱ्यावरच्या जवानाने हात पट्ट्याकडे नेला. मग बाकीच्या सजवलेल्या गाड्यांनी आपापली जागा बदलली. तेवढ्यात हारांचा एक ढीग चालत आला. त्यात प्रेमानंदभाऊ होते. मी मान खाली घातली. ते गाडीशी थांबले, बोनेटवर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"जवाईबापू! मस्त हाय गाडी! आवाजच नाही!"

त्यांची सगळी नोकरी भट्टीत हवा फुंकणाऱ्या ब्लोअरच्या शेजारी गेली होती आणि कानही तिथेच गेले होते, हे मी विसरलोच होतो.

ते मागच्या सीटवर ऐसपैस बसले. मनगट वर केलं. धुमाल पार्टीने सुरुवात केली. ढोल हलताना दिसत होते, माणसं घामाघूम होत होती, पण ऐकू येत होती फक्त माझी गाडी. नाचणारे नुसते उभे राहिले. धुमालचा मास्टर छोट्या हाथीवरून उतरून माझ्या खिडकीशी आला.

"भैया, या तो हम बजाएँगे, या आपकी गाड़ी!"

तडजोड झाली. सपाट रस्त्यावर गाडी बंद. खात्यातली माणसं ढकलतील आणि धुमाल वाजेल. बोरसीच्या वाटेवरच्या ओव्हरब्रिजवर धुमाल बंद, मी वाजेन.

इंजिन बंद झालं आणि धुमाल कडाडलं! ते कानाने ऐकायचं नसतंच, छातीने ऐकायचं असतं. त्यामुळे प्रेमानंदभाऊंनाही ते पोचलं. थोडा वेळ त्यांनी नियमाप्रमाणे मनगट हलवलं. मग मला आरशात त्यांचा खांदा हलताना दिसला. मग दुसरा.

"भाऊ, तुम्ही बसायचं आहे," मी आरशातून मानेने खुणावलं.

"दोनच मिनिटं, जवाईबापू!" त्यांनी हार काढून पुढे दिले. "हे सांभाळा!"

माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. हार ठेवायला गळ्याइतकी सोयीची जागा नव्हती.

भाऊ जे उतरले ते उतरलेच. ओव्हरब्रिज आला, मी चावी फिरवली, आणि गाडी एकटीच गर्जत, एका दमात पूल चढली. माझ्या निदानाचा तो सर्वोच्च क्षण होता. बघायला कोणी नव्हतं; सगळे कानांवर हात ठेवून खाली उभे होते. पलीकडे इंजिन बंद करून मी वाट पाहिली. बोनेटवरचा झेंडू तोवर भाजून निघाला होता. मंडळी आली, पुन्हा धुमाल, पुन्हा धक्का. मागे बघितलं तर ढकलणाऱ्यांत सगळ्यात पुढे प्रेमानंदभाऊ! खांदा डिकीला, सदरा घामाने भिजलेला, हात सायलेन्सरच्या काजळीने काळे आणि त्याच हातांनी घाम पुसल्यामुळे तोंडही.

बोरसीत नव्या घरासमोर मांडव होता. कॉलनीचे अध्यक्ष शाल घेऊन उभे होते, मागे शेजारीपाजारी. त्यांनी आपल्या नव्या शेजाऱ्याला नीट असा कधी पाहिलेलाच नव्हता. गाडी थांबली. फुलांची कार. आत गळ्यात हार घातलेला, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. अध्यक्षांनी दार उघडून माझ्या खांद्यावर शाल टाकली!

"अहो, मैं नहीं..." मी म्हणालो.

धुमाल ऐन रंगात होतं.

"सादगी देखिए इनकी!" अध्यक्ष मागे वळून ओरडले. टाळ्या वाजल्या. "ऐसे ही लोगों ने देश का लोहा बनाया है! आज से आराम कीजिए, भाई साहब!"

एका आजीबाईंनी माझ्या हातात पेढा ठेवला. पेढा तोंडात असताना खुलासा करता येत नाही.

मग अध्यक्षांची नजर गाडीच्या मागे गेली. "अरे भैया! तुम तो वही हो ना, दीवार पर पानी मारते थे? जरा और धक्का मारो, साहब की गाड़ी गेट के अंदर कर दो!"

घर बांधताना भाऊ रोज शिफ्ट सुटली की हेल्मेट-बुटांनिशी येऊन भिंतींवर पाणी मारत. अध्यक्षांनी त्यांना मजूर समजून ठेवलं होतं. भाऊंना अर्थात काही ऐकू आलं नाही. समोरचा माणूस हसून काहीतरी सांगतोय, एवढंच दिसलं.

"हौ!" ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या सत्काराची गाडी स्वतःच्या गेटात ढकलली.

तेवढ्यात भाऊंच्या पत्नी, कांतावहिनी, ओंजळभर फुलं घेऊन बाहेर आल्या. त्यांनी आधी शाल पांघरलेल्या मला पाहिलं. मग गाडीमागच्या काळ्या तोंडाच्या नवऱ्याला.

"अवो," त्या म्हणाल्या, "आजबी डूटीच हाय का तुमची?"

धुमाल थांबलं. ती हाक मात्र भाऊंना ऐकू गेली. बायकोचा आवाज ब्लोअरच्याही वरचा असतो. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. माझ्या गळ्यातल्या हारांकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. मनगट उचलावं की नाही, असा त्यांचा हात थोडा वर आला आणि परत खाली गेला. माझ्या तोंडातला पेढा वाळूसारखा झाला.

सुशीला माझ्याकडे बघत होती.

मग तिने पदर खोचला. "सगळे मागं!" ती ओरडली. "गाडी मोडावर न्या! दादा, तोंड धू! अध्यक्षसाहेब, वो शाल इधर दो! इनका नहीं है रिटायरमेंट, इनको तो आज शुरू करना है काम!"

गाडी कोपऱ्यापर्यंत मागे गेली. भाऊंनी तोंड धुतलं, केस विंचरले, कोणाचा तरी कोरडा सदरा घातला. हार त्यांच्या गळ्यात गेले. स्टिअरिंगवर सुशीला बसली. अध्यक्ष घाईघाईने पुन्हा गेटाशी जाऊन उभे राहिले आणि जणू आताच आले अशी मुद्रा केली. धुमाल कडाडलं, आणि बळीराम, चंपत आणि मी असे तिघे मिळून गाडी ढकलू लागलो. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि ऑपरेशन.

आतून काय दिसत होतं ते मला माहीत नाही, मला डिकी दिसत होती. पण मागच्या काचेतून एक हात दिसला. कोपर स्थिर, फक्त मनगट. सबंध गल्लीभर तो हलत होता, दारं-खिडक्यांतल्या प्रत्येकासाठी, आणि घरं संपली तेव्हा विजेच्या खांबासाठीही. दारात कांतावहिनींनी फुलं उधळली तेव्हा भाऊंनी चष्मा काढून पुसला, घातला आणि पुन्हा काढला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने डबा उघडला. आतली जाळी तुटून चुरा झालेली होती. म्हणजे मी पहिल्या दिवसापासून बरोबर होतो! मी ताबडतोब सुशीलाला फोन लावला.

"मी म्हणालो नव्हतो? कन्व्हर्टरच!"

"मंग?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बोरसीत मात्र घोळ अजून पुरता मिटलेला नाही. त्या आजीबाई दुसऱ्या मिरवणुकीआधीच पेढे वाटून घरी गेल्या होत्या. मी भाऊंकडे गेलो की त्या हटकून गेटाशी येतात आणि विचारतात, "पेन्शन चालू हो गई, बेटा?"

मी "हो गई, माताजी" म्हणतो आणि पुढे होतो. खरं सांगायला हरकत नाही. पण त्यासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपासून सुरुवात करावी लागते.